पंच्याखालचा भाव

अक्काकडे खोली घ्यायची तर डिपॉझिट लागत नसे, कुणाची चिठ्ठी लागत नसे. हात द्यावा लागे. मुलगी ट्रंक घेऊन दारात आली की अक्का तिला पडवीतल्या बाकावर बसवायची, स्वतः शेजारी बसायची, खांद्यावरचा पंचा काढून दोघींच्या हातांवर टाकायची आणि विचारायची, "शिकून नोकरी लागंल का गं? सोळा आण्यांतलं किती आणे लागंल? तोंडानं सांगू नको. बोट दाब."

मुलगी घाबरायची. नऊवारी लुगडं, जाड भिंगाचा चष्मा आणि खांद्यावर पुरुषी पंचा असली बाई पहिल्या भेटीत हात धरते म्हटल्यावर कुणीही घाबरेल. तिचा तळवा खडबडीत होता आणि पकड चांगली घट्ट. हिशोब मात्र सोपा होता. एका बोटाला एक आणा, पंजा धरला की पाच, जास्त असेल तर पुन्हा धरायचा. मनगट धरलं की सोळा, म्हणजे नोकरी पक्कीच.

आम्ही तिला तोंडावर अहो-जाहो करायचो आणि माघारी 'ती' म्हणायचो. हे मी तिच्या माघारीच लिहिते आहे, तेव्हा 'ती'च.

सांगलीत हळदीचा सौदा पूर्वी असा व्हायचा. ढिगाभोवती व्यापारी उभे राहणार, दलाल एकेकाचा हात रुमालाखाली धरणार, व्यापारी बोटं दाबून भाव सांगणार आणि शेजारच्याला पत्ता लागणार नाही. अक्काचा नवरा असा दलाल होता. उतारवयात त्याला अर्धांगवायू झाला, वाचा गेली, उजवा हात तेवढा शाबूत राहिला. पुढची सहा वर्षं नवराबायको बोटांनी बोलले. आमटीत मीठ किती कमी आहे इथपासून दुकान भाच्याच्या हवाली करायचं का इथपर्यंत सगळं पंच्याखाली, कारण उघड्यावर बोटं दाबणं त्याला धंद्याच्या रीतीला सोडून वाटायचं. तो गेला तेव्हा घर राहिलं, वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या राहिल्या आणि पंचा राहिला. खोल्यांत तिनं कॉलेजच्या मुली ठेवल्या. पंच्याचा उपयोग तिनं आपला आपण शोधून काढला.

माझे वडील कडेगाव तालुक्यातले. ऊस होता, थोडी हळद होती, आणि ती हळद वीस वर्षं अक्काच्या नवऱ्याच्या बोटांवर विकली गेली होती. बी.कॉम.ला सांगलीत जायचं ठरल्यावर वडिलांनी वसतिगृह बघितलंसुद्धा नाही. थेट अक्काच्या पडवीत मला आणून बसवलं. म्हणाले, या घरात खोटं चालत न्हाई.

मी पहिल्याच दिवशी मनगट धरलं. घट्ट. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. अक्का "बरं" म्हणाली आणि तिनं मला पाण्याच्या टाकीशेजारची खोली दिली. तिथं पहाटे मोटर सुरू झाली की भिंतीसकट अख्खी खोली थरथरायची. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की सोळा सांगणाऱ्या सगळ्या मुली तिथंच जातात. खिडकीची, वाऱ्याची खोली चार-सहा आणे सांगणाऱ्यांसाठी राखीव होती.

खोलीत माझ्याबरोबर सुनंदा होती. माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडची. वडील मुंबईला गोदीत, घरी आई आणि मेंढरं. तिनंही मनगटच धरलं होतं. ती बी.ए. करत होती आणि फौजदार होणार होती. हे ती इतक्या ठामपणे सांगायची की गल्लीतला पानवाला तिला आधीच वचकून असे.

त्यात तिचा दोष नव्हता. नव्वदीच्या त्या वर्षांत आमच्या कॉलेजात नोकरी न लागणारा विद्यार्थी सापडला नसता. आमच्या वर्गात शंभराच्या वर मुलंमुली. त्यातले तीस-चाळीस मोठे अधिकारी होणार होते, तेवढेच बँकेत जाणार होते. उरलेल्यांना साखर कारखान्यात, दूध संघात, पतसंस्थेत किंवा मामाच्या ओळखीच्या साहेबाकडे 'शब्द मिळालेला' होता. हा शब्द फार फिरायचा. संस्थांचे अध्यक्ष लग्नात, मुंजीत, बारशाला भेटेल त्याला शब्द देत. एका जागेसाठी निदान दहा जण तरी शब्द घेऊन निर्धास्त झोपत. मग कुणीतरी संगणकाचं नाव काढलं आणि निम्मा वर्ग तीन महिन्यांच्या कोर्सला गेला. वातानुकूलित खोलीत चपला बाहेर काढून बसायचं, आठवड्यातून एकदा मशीनला हात लावायचा. तो हात लावून आलेला मुलगा चहाच्या टपरीवर परदेशाबद्दल बोलायला लागायचा.

अक्काचं या सगळ्याबद्दल एक मत होतं आणि ते ती कुणालाही ऐकवायची. सांगलीजवळ हळद साठवायला जमिनीत खोल खड्डे खणतात, त्याला पेव म्हणतात. भाव पडलेला असला की हळद पेवात टाकायची, तोंड लिंपून घ्यायचं आणि भाव येईपर्यंत थांबायचं. आमच्या गल्लीतला एक जण बी.ए. झाला, मग एम.ए., मग बी.एड., मग पुन्हा दुसऱ्या विषयात एम.ए. त्याची आई दर वेळी पेढे घेऊन यायची. अक्का पेढा तोंडात टाकून म्हणायची, "शिकतोय कुठं? पेवात घातलाय त्याला. भाव आला की काढतील. आत किडा लागू नये म्हंजे मिळवलं."

आई रागावून जायची. पुढच्या पदवीला पुन्हा पेढे घेऊन यायची.

मी आज साताऱ्यात एका सरकारी कार्यालयात अव्वल कारकून आहे. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत. आमच्याकडे दर वर्षी नवी मुलं प्रशिक्षणाला येतात. सहा महिन्यांत आपण वरच्या परीक्षेला पास होऊन इथून जाणार, असं पहिल्याच दिवशी सांगतात. मी त्यांना आवक-जावक नोंदवही देते. हा उल्लेख एवढ्यासाठीच केला, की अक्काबद्दल लिहिताना मी तिच्या चष्म्यातून त्या मुलांकडे बघते असं कुणाला वाटू नये. मीही मनगट धरणाऱ्यांपैकीच.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अक्का वर यायची आणि सगळ्यांचे हात पुन्हा धरायची. परीक्षा जवळ आली, जाहिरात आली, कुणाचा मामा निवडून आला की आणे बदलत, तिला ताजे लागत. कुणाचा आकडा किती हे तिनं कधीही कुणाला सांगितलं नाही. आम्ही मुली एकमेकींना फसवून काढायचा प्रयत्न करायचो. अक्काच्या तोंडून काढायचा प्रयत्न फक्त एकदा झाला. तेव्हा ती म्हणाली, की हातातला भाव तोंडात आला की दलाल मेला असं समजायचं. वर त्या मुलीला आठवडाभर पडवी झाडायला लावलं.

वर्तमानपत्रातल्या 'पाहिजेत'च्या जाहिराती ती रोज मोठ्यानं वाचायची. तिला त्या आवडायच्या. "उत्साही, होतकरू तरुण-तरुणी पाहिजेत. अनुभवाची गरज नाही. आकर्षक वेतन." मग आम्हाला विचारायची, की पगार आकर्षक हाय तर आकडा का लिहीत न्हाईत? एका होतकरू मुलीला राहवलं नाही. ती इस्त्रीची साडी नेसून मुलाखतीला गेली आणि संध्याकाळी चोवीस साबणांची पिशवी घेऊन परत आली. ते दारोदार विकायचे होते. अक्कानं दोन घेतले, वास घेतला आणि एक परत दिला.

सुनंदाच्या मुलाखतीचा सराव मात्र अक्कानं स्वतः घेतला. नवऱ्याची काळी टोपी डोक्यावर, त्याचा कोट लुगड्यावर, पडवीत टेबल. आम्ही पाच-सहा जणी जिन्यावर बसलो होतो. साहेब काय विचारतात हे अक्काला ठाऊक नव्हतं, पण हळद आणणाऱ्या माणसाला काय विचारतात हे ठाऊक होतं.

"गाव कुठलं?"

"माण तालुका, साहेब."

"पाऊस किती पडतो?"

"पडत न्हाई, साहेब."

"मग तू फौजदार हून काय करणार?"

"पाऊस पडला न्हाई म्हणून कुणाला तरी आत टाकीन, साहेब."

अक्कानं टोपी काढून टेबलावर ठेवली. "घ्या हिला," ती कुणाला तरी म्हणाली. पुढे सुनंदाला घेतलंही, पण शिपाई म्हणून. फौजदार व्हायला तिला वीस वर्षं लागली. आता ती भेटली की पाऊस किती पडला ते आधी सांगते.

आता माझं. बी.कॉम. झालं, दुसऱ्या वर्गात. मी लिपिकाच्या परीक्षांचा अभ्यास करायला सांगलीतच राहिले. वडिलांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. वडील वाईट माणूस नव्हते. त्यांना शेतकऱ्याचं गणित कळत होतं: माल तयार झाला की तो बांधावर ठेवायचा नसतो. दिवाळीपर्यंत नोकरी, नाहीतर लग्न. मला हे मान्यच होतं, कारण नोकरी लागणारच होती. जूनमध्ये एक परीक्षा दिली, तिची यादी ऑगस्टात लागली, त्यात नाव नव्हतं. दुसरीची सप्टेंबरात लागली, त्यातही नव्हतं. दुसरी यादी मी तीनदा वाचली. मग पानवाल्याकडून उलटीकडूनही वाचून घेतली.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी अक्कानं पंचा टाकला तेव्हा माझा हात सवयीनं तिच्या मनगटाकडे गेला आणि मधेच थांबला. मी पंजा धरला. एकदाच. पाच.

अक्कानं हात लगेच सोडला नाही. "आता कुठं हात गरम लागला," एवढंच म्हणाली. त्याच संध्याकाळी तिनं मला खिडकीची खोली दिली. मला राग आला. नापास झाल्यावर कुणी बक्षीस देतं का? पण मोटरचा आवाज नव्हता, म्हणून मी गप्प राहिले.

दिवाळी पंधरा दिवसांवर असताना वडिलांचं पत्र आलं. कोरेगावकडचं स्थळ आहे, मुलगा बी.एस्सी. बी.एड., हायस्कुलात मास्तर, मंडळी कामानिमित्त सांगलीला येतच आहेत, तर अक्काच्याच घरी बघून घेऊ. मी पत्र अक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोह्यांना शेंगदाणे न्हाईत, आणून ठेव.

मुलगा, त्याचे वडील, एक काका आणि माझे वडील असे चौघे आले. मुलाच्या वडिलांचा आवाज मोठा होता. त्यांनी पोहे संपायच्या आत तीनदा सांगितलं, की पोरगा पर्मनंट असल्यासारखाच आहे. शाळा विनाअनुदानित होती. म्हणजे सरकारचं अनुदान येईपर्यंत मास्तरांनी फुकट शिकवायचं, अनुदान आलं की पगार सुरू. मुलगा तीन वर्षं फुकट गणित शिकवत होता. ग्रँट येत्या मार्चला येणार होती. अध्यक्षांचा शब्द होता.

"सोळा आणे काम झालंय म्हणा की," काका म्हणाले.

आणे हा शब्द त्यांनी अक्काच्या घरात उच्चारायला नको होता. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुढं आली, मुलाच्या शेजारी बाकावर बसली आणि कुणाला काही कळायच्या आत तिचा पंचा त्याच्या हातावर पडला.

"ग्रँट येतीया का, मास्तर? सोळातलं किती? तोंडानं बोलू नगा."

मुलाच्या वडिलांना हसू आलं. हळद त्यांनीही विकली होती, त्यांना हा खेळ वाटला. "दाब रं मनगट," ते म्हणाले. मुलगा वडिलांकडे बघत होता आणि पंच्याखाली त्याचा हात हलत होता. किती हलला ते आम्हाला कुणालाच दिसलं नाही. अक्काचा चेहरा नेहमीसारखाच होता, म्हणजे दगडासारखा.

"काय म्हणतोय, अक्का?" माझ्या वडिलांनी विचारलं.

"ते सांगायचं नसतं, ठावं हाय तुमास्नी," अक्का उठत म्हणाली. मग पंचा झटकून खांद्यावर टाकला. "पोरगं खरं बोललं, एवढं सांगते."

दोन्ही वडील खूश झाले. अक्का म्हणते पोरगा खरा, पोरगा म्हणतो ग्रँट येणार, म्हणजे ग्रँट येणार. अक्कानं कुठला आकडा सांगितलाच नव्हता, पण तो दोघांनीही आपल्या मनात सोळा धरून टाकला. माझे वडील तर दिवाळीनंतरच्या तिथीबद्दल बोलायला लागले. मी ट्रे हातात धरून उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तीन वर्षं मी त्या पंच्याखाली खोटं बोलत होते आणि अक्कानं मला कधी 'खरी' म्हटलं नव्हतं. पाच म्हटल्यावर कुठं तिला हात गरम लागला.

तेवढ्यात काकांनी सुधारकपणा दाखवला. मुला-मुलीला बोलू द्या म्हणाले. आम्हाला गच्चीवर पाठवण्यात आलं. तिथं अक्काचे पापड वाळत होते. मुलगा पापडांच्या पलीकडं उभा राहिला, मी अलीकडं.

"किती सांगितलंत?" मी विचारलं.

"ते सांगायचं नसतं म्हणाल्या ना त्या."

"मला सांगा. राहायचं तुम्हाला माझ्याबरोबर आहे, त्यांच्याबरोबर नाही."

तो थोडा वेळ पापड मोजल्यासारखं करत राहिला. "तीन."

"तीन?"

"एक ग्रँटचा. एक अध्यक्षांच्या शब्दाचा. तिसरा वडिलांसाठी धरला. दोन फारच कमी वाटत होते." मग त्यानं मान वर केली. "तुमचे किती?"

"सोळा." तोंडाला सवय होती.

"मग माझ्याशी लग्न कशाला करताय?"

मी म्हटलं, "पाच. तेही या महिन्यापासून."

तो गणिताचाच मास्तर. "तीन नि पाच आठ. आठ आणे म्हणजे पन्नास पैसे. पीक पन्नास पैशांच्या आत आलं तर सरकार दुष्काळ जाहीर करतं. आपण बरोबर काठावर. पीकही नाही आणि दुष्काळाची सवलतही नाही."

मला हसू आलं. खरं तर मुलगा बरा होता. दुसऱ्या कुठल्या वर्षी तो आला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, असं मी तेव्हा म्हटलं असतं. पण त्या वर्षी आम्ही दोघंही पेवात होतो. मी त्याला सांगितलं, की मला आणखी एक परीक्षा द्यायची आहे, आणि मी नाही म्हटलं तर ऐकणारं कुणी नाही. तुम्ही म्हणा. मुलाचं 'नाही' ऐकलं जातं.

"कारण काय सांगू?"

"काहीही सांगा."

तो खाली गेला आणि त्यानं काहीही सांगितलं. मुलगी फार उंच आहे म्हणाला. मी पाच फूट एक इंच आहे. मंडळी निघून गेल्यावर सुनंदानं मला भिंतीला उभं करून पुन्हा मोजलं.

त्याची ग्रँट पुढे आली. मार्च होता, फक्त सहा वर्षांनंतरचा.

वडील मात्र मंडळींबरोबर निघाले नाहीत. ते पडवीतल्या बाकावर बसून राहिले. मुलीला नकार येणं त्यांना नवीन होतं, तोही उंचीवरून. जरा वेळानं त्यांनी मला ट्रंक बांधायला सांगितली. चारची कडेगाव गाडी होती. मी वर गेले, ट्रंक ओढली, कपडे टाकायला लागले. पुस्तकं घ्यायची की ठेवायची ते ठरेना. ती कॉटवर रचली, पुन्हा ट्रंकेत घातली, पुन्हा काढली. शेवटी तशीच खाली आले आणि स्वयंपाकघराच्या दाराआड थांबले. अक्का वडिलांना चहा देत होती.

"आवं अक्का," वडील म्हणाले, "आता रीतभात बाजूला ठेवा. म्या ह्या पोरीचा बाप हाय. तिनं तुमच्या हातात काय दाबलंय ते मला सांगा. चार-पाचच असंल तर आजच घिऊन जातो. तिलाबी कशाला झुरवायची उगंच?"

अक्कानं चष्मा काढला, पंच्याच्या टोकानं एक भिंग पुसलं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. मला दाराच्या फटीतून तिचे हात दिसत होते. मी मनातल्या मनात पुस्तकं सुनंदाला देऊन टाकली.

"सोळा," अक्का म्हणाली.

वडिलांनी कप खाली ठेवला. "तोंडानं न्हवं. बोटानं किती?"

"बोटानंच सांगतीया. मनगट धरलं पोरीनं."

"कवा?"

"ह्या म्हयन्यात."

बाहेर रिक्षा थांबल्याचा, निघाल्याचा आवाज आला. वडील बराच वेळ अक्काकडे बघत होते. त्यांनी वीस वर्षं या घराच्या बोटांवर हळद दिली होती, कधी शेजारच्या ढिगाचा भाव विचारला नव्हता. आताही त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. चहा संपवला, टोपी सारखी केली.

"मग पुढच्या परीक्षेपतुर ऱ्हाऊ द्या तिला," ते म्हणाले. "निकाल लागला की बघू." आणि मला हाकसुद्धा न मारता ते गाडीला गेले. मी दाराआड आहे हे त्यांना माहीत असावं.

मी बाहेर आले तेव्हा अक्का कप-बश्या गोळा करत होती. आभार मानायचे सोडून मी भांडायलाच लागले. तुम्ही कुणाचा भाव कुणाला सांगत नाही, आणि सांगितला तो खोटा. माझे पाच होते. वडिलांशी खोटं बोललात.

"मग?" ती म्हणाली. "मी काय तलाठी हाय व्हय, पीक बघून आकडा लिवायला? मी दलाल हाय. माल बाजारात उभा हाय तवर त्येचा भाव पाडायचा नसतो."

"आणि नाही लागली नोकरी तर?"

अक्कानं बश्या एकावर एक रचल्या. सगळ्यांत वरच्या बशीत मुलाच्या काकांनी टाकलेल्या मिरच्या होत्या, त्या तिनं बोटानं कोपऱ्यात सारल्या.

"तर आमच्या ह्यांच्या चाळीस वर्सांच्या बोटाला काय अर्थ ऱ्हायला न्हाई," ती म्हणाली. "तुजा बाप गावात सांगंल, सांगलीची अक्का खोटी निघाली. मग कोण हात देतंय मला? जा, त्या पापडावर फडकं टाक. कावळं बसत्यात."

मी वर जाऊन पापडांवर फडकं टाकलं. ट्रंक उघडीच पडली होती. कॉटवरची पुस्तकं उचलून खिडकीत ठेवली, जेवले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला दार धडधडलं. मी दार उघडलं तर अक्का बाहेर उभी, डोक्याला तोच पंचा बांधलेला, एका हातात कंदील कारण वीज गेलेली, दुसऱ्या हातात चहाचा पेला.

"ऊठ," ती म्हणाली. "अकरा आणे कमी पडत्यात."